अलीकडची नजर

१

खाली चष्म्यांचं दुकान होतं आणि वरच्या मजल्यावर चित्रांची खोली. खाली नवरा माणसांच्या डोळ्यांचं बघायचा, वर बायको जनावरांच्या. गल्लीतले लोक त्याला चष्मेवाला म्हणत आणि तिला डोळेवाली. दोघांनाही त्यात वावगं वाटत नसे. पत्ता सांगायला सोपं पडायचं.

डोळेवाली पाळीव जनावरांची चित्रं काढून द्यायची. कुत्री, मांजरं, अधूनमधून एखादा घोडा, एकदा तर एक म्हातारं कासव. बहुतेक जनावरं मेलेली असत. जिवंत कुत्र्याचं चित्र कोण कशाला काढून घेईल, तो समोर शेपूट हलवत असतो की. माणसं यायची ती जनावर गेल्यावर, फोटो घेऊन, आणि फोटो हातात देताना उगाचच हसायची. तिने स्वतः कधी काही पाळलं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणायची, "केस फार गळतात हो."

तिची पद्धत ठरलेली होती. आधी डोळे. कान, नाक, केस, सगळं नंतर. डोळे जमले नाहीत तर कागद फाडून टाकायचा, बाकीच्या अंगावर उगाच दिवस घालवायचा नाही. पहिल्यांदा वरच्या पापणीची काळी कड, मग त्या पापणीची डोळ्यावर पडणारी सावली. शिकाऊ माणसं ही सावली विसरतात आणि मग कुत्रा भेदरल्यासारखा दिसतो. तपकिरी डोळा नुसत्या तपकिरी पेन्सिलीने कधी होत नाही. त्यात विटकरी लागतो, थोडा पिवळा लागतो, आणि कडेला, सांगून कुणाला पटणार नाही, पण चक्क जांभळा लागतो. उजेड जिथून आत शिरतो त्याच्या बरोबर समोरच्या बाजूला बुबुळ उजळतं. खालच्या पापणीवर ओलाव्याची केसाएवढी रेघ. आणि सगळ्यात शेवटी चमक. चमक म्हणजे पांढरा ठिपका नव्हे. नीट बघितलं तर ती खिडकी असते, दार असतं, आकाशाचा तुकडा असतो. जनावर ज्या खोलीत बसलं होतं ती खोलीच तिथे इवलीशी होऊन बसलेली असते.

चमक पडली की जनावर बघायला लागायचं. तोवर तो नुसता कागद.

हवालदारचं चित्र तिने असंच काढलं. हवालदार हा एका निवृत्त मास्तरीणबाईंचा कुत्रा. फाटकावरून जाणाऱ्या प्रत्येकाची कसून चौकशी करायचा म्हणून हे नाव. फोटोत तो सरळ कॅमेऱ्याकडे बघत होता. मास्तरीणबाई चित्र न्यायला आल्या, चष्मा पुसून पुन्हा घातला आणि चित्रासमोर उभ्या राहिल्या. डोळेवालीने टेबलावरचे कागदी रुमाल त्यांच्या बाजूला सरकवले. लोक रडायचे. तिला सवय होती.

बाई रडल्या नाहीत. त्या जरा डावीकडे झाल्या, मग उजवीकडे झाल्या, मग एक पाऊल मागे गेल्या.

"हा कुठे बघतोय गं?"

"तुमच्याकडेच की, बाई."

"नाही." वर्गात चुकलेलं उत्तर ऐकल्यासारखी त्यांनी मान हलवली. "माझ्या अलीकडे बघतोय."

"अलीकडे म्हणजे?"

"म्हणजे माझ्यापर्यंत पोचत नाहीये तो. मध्येच कुठेतरी थांबतोय."

डोळेवालीने चित्र हातात घेऊन बघितलं. तिला काही दिसलं नाही. "ठेवून जाता का? मी बघते नीट करून."

बाईंनी चित्र तिच्या हातातून परत घेतलं. "नको," त्या म्हणाल्या. "बाकी सगळं हुबेहूब आहे." आणि वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन गेल्या.

२

आपल्या कामात खोट काढलेली कुणाला आवडते? डोळेवाली दिवसभर फणफणत होती. चित्र गिऱ्हाइकाला देण्याआधी ती त्याचा मोबाइलवर एक फोटो काढून ठेवायची. तो तिने हवालदारच्या मूळ फोटोशेजारी ठेवला आणि भिंग घेऊन बसली.

बाईंचं खरं होतं. फोटोतल्या हवालदारची बुबुळं डोळ्यांच्या बरोबर मधोमध होती. तिने काढलेल्या हवालदारची बुबुळं नाकाच्या बाजूला वळलेली होती. फार नाही, पेन्सिलीच्या टोकाएवढी. दोन्ही सारखीच वळलेली. बाहुल्याही फोटोतल्यापेक्षा जरा बारीक. हात चुकतो तेव्हा एका डोळ्यात चुकतो. दोन्ही डोळ्यांत सारखाच चुकला असेल तर त्याला चूक म्हणायचं का, असा विचार तिच्या मनात आला आणि तिने तो झटकला. चूकच म्हणायचं. दुसरं काय म्हणणार.

पलीकडच्या रस्त्यावरच्या औषधवाल्याच्या मांजराचं चित्र तयार होऊन भिंतीला टेकलेलं होतं. तिने ते उचलून उजेडात धरलं.

मांजरही तसंच बघत होतं.

दुपारी नवरा चहाला वर आला. रोज यायचा. खिडकीसमोर एक छोटं टेबल होतं, टेबलाच्या एका बाजूला भिंतीला लागून लांब बाकडं. त्यावर तो बसायचा. दुसऱ्या बाजूला स्टुलावर, खिडकीकडे पाठ करून, ती. तिने त्याला सगळं सांगितलं. तो पोट हलवत हसला.

"अगं, हे तर मी सकाळपासून लोकांना सांगत असतो." त्याने तिची पेन्सिल उचलली आणि तिच्या तोंडापुढे धरली. "टोकाकडे बघ. आता मी ही जवळ आणतो. आणखी जवळ. बघ, आले ना डोळे आत? लांबचं बघताना डोळे सरळ असतात. जवळचं बघायला लागलं की दोन्ही आत वळतात, बाहुली बारीक होते. तुझा कुत्रा जवळचं बघतोय, एवढंच."

"पण फोटोत नाही बघत."

"मग तू बघत असशील." आणि तो पुन्हा हसला.

३

तसा तो हौशी माणूस. दुसऱ्या दिवशी चहाला येताना शिवणाचा दोरा आणि चिकटपट्टी घेऊनच वर आला. मांजराचं चित्र काचेच्या चौकटीत बसवून झालं होतं. त्याने ते चित्र टेकवायच्या लाकडी घोडीवर ठेवलं, काचेवर दोन्ही बाहुल्यांवर एकेक दोरा चिकटवला आणि दोन्ही दोरे खोलीत ताणत आणले. बुबुळं किती आत वळलीयत ते डोळा बारीक करून बघायचा, दोरा जरा सरकवायचा, पुन्हा बघायचा.

"हे सगळं अंदाजपंचे बरं का," तो म्हणाला. "पण दोरे जिथे मिळतात तिथे आपलं मांजर बघतंय, असं समजायचं."

दोरे मिळाले ते खोलीच्या मधोमध, कपाटाजवळ, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर. तिथे काही नव्हतं. त्याने बरोबर खाली फरशीवर खडूने एक फुली मारली.

मग त्याला चेव चढला. गिऱ्हाइकांनी अजून न नेलेली आणखी चित्रं खोलीत होती. एका गवळ्याच्या शेळीचं त्याने आधी घेतलं आणि लगेच बाजूला ठेवलं. "हिचं काही जमायचं नाही. हिचा एक डोळा पूर्वेला, एक पश्चिमेला. संसार कसा करते कोण जाणे." मग एका शिंपिणीची जुनी कुत्री. ते चित्र मापाची चौकट मिळेना म्हणून कधीपासून पडून होतं. तिचे दोरे पार दारापाशी जाऊन मिळाले. तिथे दुसरी फुली. आणि शेवटी कालच पुरं झालेलं एक पिल्लू, पोलिसाच्या मुलीचं. त्याचे दोरे फार लांब गेलेच नाहीत. चहाच्या टेबलाच्या कडेशीच मिळाले.

"पोरगं जवळचं बघतं," चष्मेवाला म्हणाला. फुली मारली, हात झटकले आणि खालून कुणी हाक मारली म्हणून निघून गेला. जिन्यावर त्याचं गुणगुणणं ऐकू येत होतं.

डोळेवाली दोरे गुंडाळायला वाकली आणि तशीच थांबली.

शिंपिणीची कुत्री सगळ्यात आधी काढलेली. मग औषधवाल्याचं मांजर. मग हे पिल्लू. फुल्या त्याच क्रमाने होत्या. दार, कपाट, टेबल. एकीपासून दुसरीपर्यंतचं अंतर साधारण सारखंच. कुणीतरी घाई न करता आत येत असावं तसं.

तिने ओलं फडकं आणून फरशी पुसली. दाराजवळची फुली लवकर जाईना.

४

"तुझ्या डोळ्यांचंच काहीतरी झालंय," नवरा म्हणाला. "दिवसभर कागदाला नाक लावून बसतेस. स्वतःचे डोळे आत वळतात ते तू जनावरांना लावतेस. चल खाली."

तिला हे बरं वाटलं. खरं सांगायचं तर फारच बरं वाटलं. आजार असला की औषध असतं.

खाली त्याने तिला गिऱ्हाइकासारखं उंच खुर्चीत बसवलं, नाकावर जड चौकट ठेवली आणि भिंगं सरकवत राहिला. "आता बरं की मघाशी बरं? खालची ओळ वाच. वाच ना, लाजतेस काय." तिला एवढ्या जवळून त्याचे डोळे बऱ्याच वर्षांत दिसले नव्हते. उजव्या बुबुळात खालच्या बाजूला पिवळट डाग होता. हा लग्नाच्या वेळी होता का, ते तिला आठवेना. कुत्र्याचा डाग तिच्या लक्षात राहिला असता.

"सापडला चोर," तो म्हणाला. "जवळचा नंबर चांगलाच वाढलाय. घरचीच माणसं कशी दुर्लक्ष करतात बघ."

नवा चष्मा आला. तो घालून तिने पहिल्यांदा पोलिसाच्या मुलीचं पिल्लू दुरुस्त केलं. बुबुळाची आतली कड खोडरबराने हलकी केली, बाहेरची वाढवली, चमक नव्याने टाकली. पिल्लू तिच्याकडे बघायला लागलं. थेट तिच्याकडे, तिच्या डोळ्यांत. मांजरही सुधारलं. शिंपिणीच्या कुत्रीला चौकट मिळाली. त्यानंतर आलेली नवी चित्रं पहिल्या फटक्यात बरोबर आली. माणसं येत, बघत, रडत आणि घेऊन जात. सगळं सुरळीत चाललं होतं.

फक्त हवालदार राहिला होता. चुकीचं काम कुणाच्या तरी भिंतीवर लटकतंय ही गोष्ट तिला टोचत होती. एक दिवस पेन्सिलींचा डबा घेऊन ती मास्तरीणबाईंच्या घरी गेली.

५

बाईंचं घर नीटनेटकं होतं, खूप वर्षं दोन माणसं राहिलेलं आणि आता एक राहत असलेलं. दोन आरामखुर्च्या समोरासमोर. एकीच्या गादीला खळगा, दुसरीच्याही गादीला खळगा. फुटाएवढ्या गोल चटईवर अजून करडे केस होते.

हवालदारचं चित्र कुठल्याच भिंतीवर नव्हतं.

"स्वयंपाकघरात ठेवलंय," बाई म्हणाल्या. "भिंतीकडे तोंड करून. राग मानू नकोस."

"राग कसला, माझीच चूक होती. माझा नंबर वाढला होता. आणा इकडे, आत्ता सरळ करून देते. हवालदार तुमच्याकडे बघायला लागेल."

बाई उठल्या नाहीत. गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिल्या.

"हवालदार बघायचाच माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "शेवटच्या दिवसापर्यंत. त्याची नजर कशी होती ते मला माहीत आहे. ती त्या चित्रात नाही."

"म्हणूनच म्हणते ना..."

"ऐकून तर घे. तू आमच्या ह्यांना कधी भेटली होतीस?"

"नाही."

"फोटो बघितलास कुठे?"

"नाही, बाई. का?"

बाईंनी समोरच्या खुर्चीकडे बघितलं. "हे असे बघायचे. जायच्या आधी. आम्ही दोघं रोज अशीच बसायचो, समोरासमोर. बोलता बोलता एक दिवस मला वाटलं, हे माझ्याकडे बघतायत पण मध्येच थांबतायत. मी म्हटलं, अहो, मी इकडे. तर म्हणाले, हो, दिसतेस की. आणि मान जरा तिरकी केली. नाटकाला आपल्या पुढे कुणी उंच माणूस बसला की आपण करतो ना, तशी."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. फाटकावर भुंकायला कुणी नव्हतं.

"डॉक्टर म्हणाले, वय झालं. डोळ्यांचे स्नायू थकतात."

"हो, थकतात," डोळेवाली घाईने म्हणाली. "आमचे हे पण तेच सांगतात लोकांना."

"असेल. थकत असतील." बाईंचा आवाज वर्गातला होता, कोरडा, स्वच्छ. "मला एवढंच विचारायचं होतं की ह्यांची नजर तुझ्याकडे कशी आली. कुत्र्याच्या डोळ्यात."

 चहा झाला. पेन्सिलींचा डबा उघडलाच नाही. निघताना बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"ते चित्र दुरुस्त नको करूस. परतही नेऊ नकोस. इथून गेलं तर कुठे जाईल, सांगता येत नाही. माझ्याकडून घेऊन जाण्यासारखं आता कुणी उरलं नाही, तर असू दे इथेच."

६

घरी येताना तिने स्वतःला चांगलं खडसावलं. एकटी बाई, म्हातारपण, त्यात नवरा गेला, पाठोपाठ कुत्रा गेला. अशा माणसाला समोरच्या चित्रात काय दिसेल आणि काय नाही. माणूस आपलं दुःख जिथे जागा मिळेल तिथे ठेवतो. पुढच्या वळणावर तिला ही समजूत पटली आणि त्याच्या पुढच्या वळणावर पटेनाशी झाली.

त्या दिवसापासून ती नवऱ्याच्या डोळ्यांकडे बघायला लागली. जेवताना बघायची, तो दाढी करताना आरशातून बघायची, दुकानात गिऱ्हाइकाला तो बारीक अक्षर वाचायला देत असताना जिन्याच्या कठड्यावरून बघायची.

"काय गं, नवीन लग्न झाल्यासारखी बघतेस?" तो म्हणायचा.

"तुमच्या बुबुळात डाग आहे."

"जन्मापासून आहे. आत्ता दिसला? नंबर बरोबर दिलाय म्हणायचा मी."

आणि बघत असायचा तो तिच्याकडेच. डोळे सरळ, बाहुल्या जेवढ्या हव्यात तेवढ्या. ती सुटकेचा श्वास सोडायची आणि भाजी वाढायची.

चित्रंही बिनचूक येत होती. संशय फिटावा म्हणून तिने एकदा दार आतून लावून घेतलं आणि नव्या मांजराच्या चित्राला स्वतःच दोरे लावून बघितले. ते मिळाले नाहीत. लांब दारापलीकडे कुठेतरी मिळत असतील, खोलीत नाही. दुसऱ्या चित्राचेही नाही. तिसऱ्याचेही नाही. जनावरं जिथे बघायला हवीत तिथे बघत होती. खोलीत त्यांना बघण्यासारखं काही उरलेलं नव्हतं.

हे वाक्य तिच्या मनात अगदी सहज आलं. त्याचा दुसराही अर्थ होतो हे ध्यानात आलं तेव्हा तिने दोरा कात्रीने कापला आणि दोन्ही तुकडे कचऱ्याच्या डब्यात टाकले.

दिवस गेले. भीती ही रोज वापरायची वस्तू नाही, न वापरता ती आपोआप मागे पडते. ती नवऱ्याकडे बघायचं विसरून गेली.

७

त्या दुपारी ऊन चांगलं होतं. खिडकी उघडी होती, खाली कुणीतरी पाण्याने रस्ता धूत होतं. डोळेवालीने चहा गाळला, कप टेबलावर ठेवले आणि रोजच्यासारखी खिडकीकडे पाठ करून स्टुलावर बसली. समोर बाकड्यावर नवरा. सकाळी आलेल्या एका गिऱ्हाइकाची गोष्ट सांगत होता.

"म्हातारा म्हणतो, मला लांबचं दिसतं, जवळचं दिसतं, मधलंच दिसत नाही. मी म्हटलं, आजोबा, मधलं बघायचंय कशाला? तर म्हणतो, बायको मध्ये असते ना." तो हसला. मग कप उचलला, एक घोट घेतला आणि तिच्याकडे बघून म्हणाला, "साखर कमी पडली का?"

ती त्याच्या डोळ्यांकडे बघत होती.

त्याचे डोळे आत वळले होते. फार नाही, पेन्सिलीच्या टोकाएवढे. दोन्ही सारखेच. बाहुल्या बारीक झाल्या होत्या.

"अहो," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच शांत वाटला. "मी इकडे आहे."

"हो, दिसतेस की," तो म्हणाला, आणि मान जरा तिरकी केली.

आयुष्यभर तिने एकच काम केलं होतं. समोरच्याच्या डोळ्यात काय उमटलंय ते बघायचं आणि जसंच्या तसं कागदावर उतरवायचं. ते काम तिचे डोळे आपणहून करायला लागले. उजवं बुबुळ, खाली पिवळट डाग. वरच्या पापणीची सावली. खालच्या पापणीवर ओलाव्याची रेघ. आणि मधोमध चमक: तिच्या पाठीमागची खिडकी, गजांसकट. खिडकीच्या उजेडात एक काळा ठिपका, ती स्वतः, डोकं आणि खांदे. इथवर सगळं बरोबर होतं.

त्या ठिपक्याची एक बाजू दिसत नव्हती. त्या बाजूवर दुसरा काळा आकार चढला होता. त्यालाही डोकं होतं असं म्हणता आलं असतं. तो तिच्यापेक्षा मोठा होता. आरशात काय आणि डोळ्यात काय, जे जवळ असतं ते मोठं दिसतं, एवढं तर तिला कळत होतं. म्हणजे ते तिच्या आणि त्याच्या मध्ये होतं.

तिने समोर बघितलं. टेबल होतं, दोन कप होते, वाफ होती. मागे असतं तर वळून बघता आलं असतं.

"काय झालं?" नवरा म्हणाला. "अशी काय बसलीस?"

"काही नाही. तुमच्याजवळ बसते."

ती उठली. टेबलाला वळसा घालताना तिने कप आपल्याबरोबर घेतला, त्यातला चहा बशीत सांडला. त्याची नजर तिच्याबरोबर फिरत आली, कडेकडेने, पण तिच्यापर्यंत पोचली नाही. तिने ठरवलं होतं की आता त्याच्या डोळ्यांकडे बघायचं नाही. त्याच्या शेजारी बसायचं, खांद्याला खांदा लावून, त्याचा हात धरायचा आणि तो जे बघतोय ते आपणही त्याच बाजूने बघायचं. दिसो न दिसो. मध्ये कुणाला जागाच ठेवायची नाही.

ती बाकड्यावर बसली. तो कौतुकाने हसला आणि तिला जागा द्यायला सरकला. तिने त्याचा हात हातात घेतला. गरम होता, चहाच्या कपाने. तिला हायसं वाटलं. तिला बसायला पुरेल एवढी जागा झाली होती.

मग तो अजून थोडा सरकला. तिचा हात न सोडता, कुणी सांगितल्यासारखा, पार बाकड्याच्या टोकापर्यंत. आणि दोघांच्या मधल्या मोकळ्या फळीकडे बघून अगत्याने म्हणाला, "बसा, बसा."